भुंग्याच्या वाटणीचा तरवड

बिदरमधल्या एखाद्या रोपवाटिकेत जाऊन तरवडाचं रोप मागा. समोरचा माणूस आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो, मग विचारतो, "वैद्यानं सांगितलंय का?" औषधाला नको, बागेत लावायचंय, असं म्हटलं की त्याला आपली दया येते. "पिवळं फूलच पाहिजे ना साहेब?" म्हणत तो टेकोमाची पिशवी पुढं सरकवतो. टेकोमा अमेरिका खंडातून आलेला, घंटेसारख्या फुलांचा, सगळ्या सरकारी आवारांत आणि नव्या वसाहतींत उभा असलेला. तरवड मात्र विकायला नाही. तो गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुकट उभा असतो, आणि फुकट उभ्या असलेल्या झाडाला बागेत जागा द्यायची नसते, हा आपल्याकडच्या बागकामाचा अलिखित पहिला नियम आहे.

वर्षातले नऊ दिवस हा नियम मोडतो. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या गावांतून पोरं माळावर जातात आणि पिशव्या भरून पिवळी फुलं घेऊन येतात. मराठवाड्यात आणि या सीमाभागात घटाच्या माळेला कारळ्याची फुलं लागतात तशी तरवडाचीही लागतात. कुठल्या माळेला कोणतं फूल, यावर घराघरांत मतभेद आहेत आणि ते मिटावेत अशी कुणाची इच्छा दिसत नाही. तिकडे जहिराबादच्या बाजूला, तासाभराच्या वाटेवर, हेच फूल बतुकम्माच्या ताटात रचलं जातं. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तेलंगणातल्या बाया तंगेडू म्हणजे तरवड, गुनुगू म्हणजे आपला कुरडू, झेंडू आणि आणखी काय मिळेल त्या फुलांचा थरावर थर चढवून शिखर करतात, त्याभोवती फेर धरून गातात आणि शेवटी ते पाण्यात सोडतात. तेलंगण राज्य झाल्यावर तरवड तिथलं राज्यफूल झाला. तमिळनाडूत तो आवारम, पोंगलच्या दिवसांत लागतो. श्रीलंकेत रणवरा या नावानं त्याच्या फुलांचा चहा पितात. आमच्याकडे मात्र दसऱ्याचं सोनं लुटून झालं की तरवड पुन्हा गुरं वळायच्या वाटेवर.

या भागातल्या माणसाला एक झाड तीन राज्यांत असण्याचं फार कौतुक वाटत नाही. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचेच तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद आणि बसवकल्याणचा मुलूख म्हैसूर राज्यात आला. गुलबर्ग्याचे, म्हणजे आजच्या कलबुर्गीचे, तांडूर आणि कोडंगल हे तालुकेही आंध्रानं घेतले. त्यामुळे इथल्या घरात आई मराठी, शेजारीण कन्नड, बाजार तेलुगू आणि कोर्टातली जुनी कागदपत्रं उर्दू, हे रोजचंच. झाडाला कुणी तरवड म्हणतं, कुणी तंगडी किंवा आवरिके, कुणी तंगेडू. बाजारात सगळ्यांना सगळं कळतं.

*

तरवड ओळखायला सोपा, पण पिवळ्या फुलांच्या भावकीत घोटाळा होतो. टाकळा पावसाळ्यापुरता उगवतो आणि मरतो. बहावा मोठा वृक्ष, त्याची झुंबरं वैशाखात. रस्त्याच्या कडेला वन खात्यानं लावलेला कॅशिया तर परदेशीच. तरवड हे पुरुषभर उंचीचं, बुडापासून फांद्या फुटणारं, वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप. खूण बघायची ती पानाच्या बुडाशी. जिथं पान फांदीला चिकटतं तिथं दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी हिरवी, गोलसर, रुंद उपपर्णं असतात आणि ती गळत नाहीत. लिनियसनं १७५३ मध्ये या कानांवरूनच झाडाला 'ऑरिक्युलाटा' असं नाव दिलं. संयुक्त पानावर पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक ग्रंथी उभी असते. भिंग असेल तर छान, नसेल तर मुंग्या कुठं थांबतायत ते बघा. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बियांच्या मधल्या जागी दबलेली. वाळली की वाऱ्यावर खुळखुळते.

हे झाड शेंगवर्गीय आहे, तेव्हा मुळांवर गाठी असणार आणि जमिनीला नत्र मिळणार, असं कृषिमेळाव्यात हमखास कुणीतरी सांगतं. तरवडाच्या मुळांवर गाठी येत नाहीत. त्याच्या पाल्याचं हिरवळीचं खत करतात ते वेगळं, पण नत्राच्या कारखान्याचं श्रेय त्याला देऊ नये. त्याचे गुण दुसरे आहेत. एक, शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही. या भागात शेळीनं नाकारलेलं झाड म्हणजे जगायची निम्मी लढाई जिंकलेलं झाड. दुसरा, तोडला की बुडातून पुन्हा फुटतो.

हा दुसरा गुण एका मोठ्या धंद्याच्या कामी आला होता. तरवडाच्या सालीत कातडं कमावायचं टॅनिन भरपूर असतं, म्हणून इंग्रजांनी त्याला टॅनर्स कॅशिया म्हटलं. मद्रासहून लंडनला जाणारी अर्धवट कमावलेली कातडी याच सालीवर तयार होत. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल आली, मग रसायनं आली आणि तरवडाची साल सोलायची गरज उरली नाही. आपल्याकडे हे काम ढोर समाजाचं. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या भोवती जे शरण जमले त्यांत डोहर कक्कय्या होते, कातडं कमावणाऱ्या घरातले वचनकार. बसवकल्याणात आज अनुभव मंटपाची भव्य बांधकामं बघायला बसगाड्या भरून माणसं येतात. शहराच्या कडेच्या माळावर तरवड फुललेला असतो. कक्कय्यांच्या रोजच्या कामाशी जिचा संबंध होता अशी इतकी जिवंत गोष्ट त्या परिसरात दुसरी नसेल, पण तिच्याशी कुणी फोटो काढत नाही.

*

आता फुलाकडे. रुपयाच्या नाण्याच्या दुपटीइतकं हे फूल सकाळी आठ-नऊच्या उन्हात नीट बघावं. पाच पाकळ्या, कडा किंचित चुरगळलेल्या, रंग हळदीचा. मध्ये दहा पुंकेसर, पण ते सारखे नाहीत. वरचे तीन नावापुरते, त्यांच्यात पराग नसतो. मधले आखूड आणि सरळ. खालचे मोठे, बाकदार, बाहेर झेपावलेले. त्यांच्याच सोबतीनं एक वाकडा हिरवा स्त्रीकेसर. फुलात मधाचा थेंब नाही. येणाऱ्याला इथं परागच खायला मिळणार आणि तोही सहजासहजी नाही. बहुतेक फुलांत परागकोश पिकला की उभा चिरतो आणि पिवळी भुकटी उघडी पडते. तरवडाचा परागकोश बंदच राहतो. टोकाला फक्त बारीक भोक असतं.

ते उघडायची किल्ली भुंग्याकडे आहे. भुंगा म्हणजे काळा, जाडजूड, निळ्या-जांभळ्या झाकेच्या पंखांचा, लाकूड पोखरणारा. त्याचे या भागात अनेक प्रकार. एकाची मादी अंगानं काळी आणि छातीवर पिवळी मखमल, नर मात्र सगळाच सोनेरी. भुंग्याची मादी तरवडावर येते, सहा पायांनी पुंकेसरांची मोळी कवळते, पोट आत वळवते आणि पंख मिटून घेते. पंख मिटलेले असतानाच उडायचे स्नायू जोरात चालवते. येताना जी घुंघुं ऐकू येते तिचा सूर एकदम चढतो, तार ताणल्यासारखा. सेकंदाला शेकड्यांनी हादरे बसतात आणि भोकातून परागाची पिचकारी उडते. हे सगळं एका फुलावर श्वास घेण्याइतक्या वेळात संपतं. कान जवळ नेला तर सूर चढल्याचं कळतं, डोळे जवळ नेले तर भुंग्याच्या छातीवर पिवळी पूड बसलेली दिसते.

यातली खरी चतुराई फुलाची. आखूड पुंकेसरांतला पराग भुंगा पिल्लांसाठी गोळा करतो. लांब, बाकदार पुंकेसरांतला पराग त्याच्या अंगावर अशा जागी उडतो की तिथं त्याचे पाय पुसायला पोचत नाहीत. पुढच्या फुलाचा वाकडा स्त्रीकेसर नेमका तिथंच टेकतो. म्हणजे काही केसर पाहुणचाराला, काही कामाला. ही वाटणी हर्मान आणि फ्रिट्झ म्यूलर या जर्मन भावांनी १८८० च्या दशकात मांडली आणि डार्विनही अखेरच्या काळात याच कोड्यात गुंतला होता. असा हादरा लागणाऱ्या वनस्पती जगात वीस हजारांच्या घरात आहेत असा अंदाज आहे.

मधमाशीला हे जमत नाही. आग्या, सातेरी, फुलोरी, कुणालाच नाही. त्या तरवडावर येतात, भुंग्यानं सांडलेलं वेचतात आणि जातात. म्हणून 'परागसेचकांसाठी बाग' म्हणताना आपल्याकडे जे मधमाशीच्या पेटीचं चित्र डोळ्यांसमोर येतं ते अर्धवट आहे. पेटी आणता येते, विकता येते, तिला अनुदान मिळतं. भुंग्याची पेटी नसते. तो राहतो एकटा, आपलं बीळ आपण कोरून.

*

एवढं करून शेतकऱ्याला याचा उपयोग काय, हा प्रश्न या भागात पहिल्या पाच मिनिटांत येतो, आणि यायलाच पाहिजे. उत्तर वांग्यात आहे. कलबुर्गीकडच्या जोंधळ्याच्या भाकरीबरोबर एण्णेगाई, म्हणजे भरलं वांगं, नसेल तर जेवण झालं असं कुणी मानत नाही. वांग्याचं फूल तरवडासारखंच वागतं. मध नाही, परागकोशाच्या टोकाला भोक, हादरा पाहिजे. टोमॅटोचंही तेच. या फुलांत आपल्याच परागानं फळ धरू शकतं, वाराही थोडं हलवतो, पण चांगला हादरा बसला की फळधारणा वाढते. युरोपातल्या काचघरांत वारा नाही, म्हणून पूर्वी माणसं विजेवर थरथरणारी कांडी घेऊन एकेक फूल हलवत फिरायची. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बेल्जियममधल्या रोलाँ द योंगे नावाच्या पशुवैद्यानं काचघरात बंबलबी नावाच्या माश्या सोडून बघितल्या आणि कांड्या अडगळीत गेल्या. १९८७ साली त्यानं त्याचाच उद्योग सुरू केला. (बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. तिथल्या एखाद्या हौशी विद्यार्थ्यानं ही गोष्ट मनावर घ्यायला हरकत नाही.) भारतात बंबलबी हिमालयाच्या गारव्यात राहतात. दख्खनच्या उन्हात हे काम भुंगा करतो, आणि पोटावर निळसर पट्टे असलेली एक चपळ रानमाशी, जी मातीत बीळ करते.

वांगं दोन-तीन महिने फुलतं. भुंग्याला बारमाही पोट आहे. वांग्याच्या आधी आणि नंतर त्याला जगवणारं काहीतरी बांधावर पाहिजे, आणि तरवड पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत भरात असतो, बाकीच्या महिन्यांतही थोडंबहुत फूल धरून असतो. इथं तरवडाचा हिशेब लागतो.

तुरीचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. कलबुर्गी म्हणजे तुरीचं कोठार. इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुरीचं फूल बरंचसं कळीतच स्वतःशी जुळवून घेतं, म्हणून भुंग्यांशिवाय तूर पिकणार नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण भुंगे आणि पानं कातरणाऱ्या माश्या तुरीवर भरपूर येतात आणि एका झाडाचा पराग दुसऱ्याला देतात. शुद्ध बियाणं धरणाऱ्याला याची डोकेदुखी, तर संकरित बियाणं करणाऱ्याचं सगळं भांडवलच हे. हुमनाबादवरून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे. तिनं १९९१ मध्ये तुरीचं जगातलं पहिलं संकरित वाण आणलं, आणि त्या बियाण्याच्या शेतात परागाची ने-आण करणारे मजूर हेच, सहा पायांचे आणि बिनपगारी.

कारळ्याचं तर साधं आहे. कारळ्याला स्वतःचा पराग चालत नाही. माशी नाही तर दाणा नाही. कारळ्याच्या चटणीशिवाय ज्याच्या घशाखाली भाकरी उतरत नाही त्यानं हे लक्षात ठेवावं.

तुरीवर फुलोऱ्यात अळी पडते, औषध मारावं लागतं आणि नेमकं त्याच वेळी माश्या फुलावर असतात. कलबुर्गी जिल्ह्यातले शेतकरी पूर्वी तुरीची झाडं हलवून अळ्या खाली अंथरलेल्या कापडावर पाडायचे. इक्रिसॅटच्या कीटकतज्ज्ञांनीही या पद्धतीची दखल घेतली होती. आज मजुरीच्या भावात ते परवडत नाही, हे शेतकऱ्याचं म्हणणं खरंच आहे. निदान फवारणी उन्हं कलल्यावर करावी. भुंग्याची कामाची वेळ सकाळची.

*

तरवड लावायचा कसा? तो मिळत नाही, तेव्हा बीपासूनच. शेंगा हिवाळा सरता सरता तपकिरी होतात. रस्त्याकडेच्या झाडाच्या घ्या, पण एकाच झाडाच्या नकोत, पाच-सहा वेगवेगळ्या झाडांच्या घ्या. शेंग उजेडात धरून बघायची. दाण्यात टाचणीएवढं भोक दिसलं तर कीड जेवून गेलेली आहे, ती शेंग टाकून द्यायची. चांगलं बी तपकिरी, टणक, चपटं. ते नुसतं पेरलं तर उगवेल, पण कधी ते त्याच्या मनावर. कवच इतकं घट्ट की पाणी आत जात नाही. म्हणून पाणी उकळून खाली उतरवावं, त्यात बी टाकावं आणि रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेलं पुन्हा गरम पाण्यात. कुणी खरखरीत दगडावर घासूनही घेतं.

मृग लागला की पेरणी. सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून शक्यतो कायमच्या जागीच दोन-तीन बिया टाकाव्यात, बोटाच्या पेराएवढ्या खोल, आणि नंतर जोमदार तेवढं एक ठेवावं. पिशवीत केलंच तर रोप लहान असतानाच लावावं. दोन झाडांत तीन-चार फूट. बांधावर कुंपणासारखं लावायचं असेल तर थोडं जवळ चालतं. खत लागत नाही. घातलं तर पाला वाढतो, फूल मागं पडतं.

जमिनीचा प्रश्न मोठा आहे आणि तो बिदर-कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत गावागणिक बदलतो. बिदर शहर लॅटराइटच्या, तांबड्या भुसभुशीत दगडाच्या पठारावर बसलंय. वरून पडलेलं पाणी या दगडातून झिरपत जातं आणि खालच्या काळ्या कातळावर थांबतं. बहामनी काळात नौबादला खोदलेली सुरंग बावडी याच गणितावर चालायची. अशा निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत तरवड हसत वाढतो. भालकी, आळंदकडच्या काळ्या भारी रानात मात्र पावसाळ्यात पाणी साचतं आणि कोवळं रोप सडतं. तिथं बांधावर, उंचवट्यावर किंवा मुरूम टाकून केलेल्या वरंब्यावर लावावं. अक्कलकोटहून गाणगापूरला गाडीतून जाणाऱ्यांनी खिडकीतून बघावं. काळ्या रानात तरवड धुऱ्यावर आणि सडकेच्या भरावावर दिसेल, रानाच्या मध्ये नाही. झाडानं जागा स्वतःच दाखवून दिलेली आहे.

पहिला उन्हाळा पंधरवड्यातून एकदा पाणी द्यावं, पुढं विसरून जावं. साधारण दुसऱ्या पावसाळ्यापासून फूल धरतं. फुलोरा सरला, शेंगा काढून झाल्या की फाल्गुनात गुडघ्याएवढं छाटावं, म्हणजे पावसाळ्यात नव्या फांद्यांवर भरघोस फूल येतं. सगळी झाडं एकाच वर्षी छाटू नयेत. पानं कुरतडलेली दिसली तर औषधाच्या बाटलीकडे धाव घेऊ नये. पिवळसर-पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या या पानांवर वाढतात आणि त्यांच्यासाठीच तर बाग केली.

एकट्या तरवडावर बाग होत नाही, कारण त्याच्याकडे मध नाही. भुंग्याला उडायला मध लागतो. शेजारी निर्गुडी लावावी, तिला जवळजवळ वर्षभर तुरे येतात. पांढरी रुई लावावी. मारुतीला शनिवारी लागते म्हणून घरच्यांचा विरोध होत नाही, आणि रुईच्या फुलाशीही भुंग्याचंच जमतं. पायाशी विष्णुक्रांता पसरू द्यावी, तिची निळी फुलं मुरमातही येतात. तुळस आहेच, तिच्या मंजिऱ्या मात्र खुडू नयेत. गाजरगवत आलं तर उपटावं. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि पुढं देशभर पसरलं. ते दाबायला कर्नाटक-महाराष्ट्रात तरवडाचीच एक अमेरिकन चुलतबहीण पेरायचा सल्ला दिला गेला. तीच आता रस्तोरस्ती माजलीय. घरचा माणूस दाराशी उभा असताना आपण पाहुण्याला हाक मारली, त्याचं हे फळ.

*

झाड लावणं सोपं. भुंग्याला घर देणं अवघड, आणि या भागात खरी अडचण तिथं आहे असं माझं मत होत चाललंय.

जुनं माळवदाचं घर बघा. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यावर किलचन, वर पांढऱ्या मातीचा थर. भुंग्याची मादी तुळईच्या तोंडाशी बोट जाईल एवढं गोल भोक पाडते. लाकूड खात नाही, नुसतं कोरते, खाली भुसा सांडतो. आत बोगदा वळवून परागाचा आणि मधाचा लाडू ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि भुशाचाच पडदा करून कप्पा बंद करते. मग दुसरा लाडू. तिचं अंडं कीटकांच्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या अंड्यांपैकी. एका मादीच्या वाट्याला थोडीच पिल्लं, त्यामुळे एक तुळई गेली तरी फरक पडतो. भिंतीच्या पायथ्याशी, मऊ मातीत, त्या निळ्या पट्ट्यांच्या माश्यांची बिळं असायची. म्हणजे वांग्याचं फूल हलवणारी सगळी मंडळी एकाच घराच्या आश्रयाला. गेल्या काही दशकांत माळवदं पडली, स्लॅब आले. घर पडू नये, गळू नये, साप-विंचू येऊ नये असं कुणालाही वाटणारच. माळवदात राहायला जा असं मी कुणाला सांगणार नाही. पण स्लॅबला भोक पाडता येत नाही, हेही तितकंच खरं. शिवाय बांधावरची वठलेली बाभूळ सरपणाला गेली, गायरानं घरकुलांना आणि लागवडीला गेली, आणि रस्तारुंदीकरणाच्या यंत्रानं कडेचा तरवड ऐन फुलोऱ्यात खरवडला. खायला आणि राहायला एकदमच गेलं.

भालकी तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं परसात तरवड लावलाय. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. कन्नडमध्ये अक्का, मराठीत बाई, माणूस एकच. सोयाबीनच्या खळ्याशेजारी दोन गुंठ्यांचं परस, तरवडाची रांग, कोपऱ्यात निर्गुडी, मध्ये वांगी. शेजारीण कुंपणावरून म्हणाली होती, "बाई, लोकं गुलाब लावायलेत अन् तुम्ही तरवड लावायलाव? माळ काय लांब हाय का?" बाईंचं उत्तर, "माळ हायच कुठं आता? तिथं प्लॉट पडलेत." पहिल्या वर्षी फुलं आली पण भुंगा क्वचित दिसायचा. मग त्यांनी वाळलेल्या शेवग्याचं एक खोड आणि आंब्याचा ओंडका पूर्वेकडच्या पडवीखाली पावसापासून आडोशाला आडवा टांगला. बांबूचे हातभर तुकडे, एका टोकाला पेर बंद, दुसरं उघडं, अंगठा जेमतेम जाईल असे, सुतळीनं जुडी बांधून शेजारी लावले. परसाचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवला, तिथं शेणाचा सडा नाही, फरशी नाही.

बाईंच्या सासूबाईंना हे मान्य नाही. घराची मागची दोन दालनं अजून माळवदाची आहेत आणि म्हातारीनं आयुष्यभर तुळईची भोकं चुन्यात कापूस बुडवून बुजवलीत. "तुळई त्याच्या नावानं लिहून दे की मग," त्या म्हणाल्या. बाईंनी समजावलं, आत्याबाई, ओंडका टांगलाय ना, ते तिकडं जातील. सागाची तुळई जुनी झाली तरी दोन-चार भोकांनी खाली येत नाही, हेही सांगून झालं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि चुन्याचं डबडं पलंगाखाली सरकवून ठेवलं.

मी गेलो तेव्हा ओंडक्याला तीन गोल भोकं होती आणि खाली पिवळसर भुसा पडलेला होता. बांबूच्या जुडीत काही तोंडं मातीनं लिंपलेली होती. ती भुंग्याची नव्हेत, कुठल्यातरी गांधीलमाशीची, पण बाईंनी तीही राहू दिली होती. मागच्या दालनातल्या तुळईलाही एक नवं भोक होतं, ताजा भुसा खाली गोधडीवर सांडलेला. सासूबाईंनी ते मला हात धरून नेऊन दाखवलं, बाई स्वयंपाकघरात असताना, आणि कालवायला चुना कुठं मिळेल ते विचारलं.